निनावी इंटरनेटसाठी ऑपरेटिंग सिस्टम निवडताना या चुका टाळा

नागपूरच्या बर्डी बाजारातून नवा पेनड्राइव्ह आणण्याआधी एक ठरवा: लपायचं कोणापासून? बुटीबोरीच्या कारखान्यातल्या कामगाराला पत्रकाराला एखादी माहिती कळवायची असेल, तर टेल्स (एक ऑपरेटिंग सिस्टम) पुरेसं आहे. ते ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून चालतं, सगळं इंटरनेट टॉरमधून (तुमचा माग लपवणाऱ्या नेटवर्कमधून) नेतं आणि बंद केलं की कॉम्प्युटरवर मागमूस ठेवत नाही. रोजचंच काम असेल तर हूनिक्स बघा. त्यात टॉर एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये), तुमचं काम दुसऱ्या. त्यामुळे कामाच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला तरी खरा आयपी (इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) त्याच्या हाती लागणं अवघड. क्यूब्स ही सिस्टमही उत्तम, पण त्यासाठी १६ जीबी रॅम सुचवतात. जुन्या लॅपटॉपवर त्याच्या नादी लागू नका. काली लिनक्स तर यासाठी नाहीच, ते सुरक्षा तपासणाऱ्यांचं साधन आहे. कॉलेजची पोरं ते टाकून स्वतःला निनावी समजतात, याची खरंच काळजी वाटते.

टेल्स सुरूच होत नाही? बहुतेकदा इमेज फाइल (टेल्सची उतरवलेली फाइल) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केलेली असते. ती रुफससारख्या प्रोग्रामने लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. फाइल मित्राकडून घेऊ नका. टेल्सच्या साइटवरून उतरवा आणि तिथेच पडताळून घ्या.

सुरू झालं, पण टॉर जोडलं जात नाही, असं झालं तर आधी घड्याळ बघा. विंडोज कॉम्प्युटरचं घड्याळ भारतीय वेळेवर ठेवतं आणि टेल्स तीच वेळ यूटीसी (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ) समजतं. म्हणजे नागपुरात दुपारचे दोन वाजले असताना टेल्सच्या हिशेबाने इथे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. ब्रिज (टॉरमध्ये शिरायचा छुपा मार्ग) वापरत असाल तर जोडणी हमखास इथेच अडते, आणि लोक बिचाऱ्या राऊटरला दोष देत बसतात. टॉर कनेक्शनच्या एरर स्क्रीनवरच घड्याळ दुरुस्त करायची सोय आहे. तिथे भारताचा टाइमझोन आणि बरोबर वेळ टाका.

कंपनीच्या वायफायवरून मात्र हे करू नका. तुम्ही काय पाहता ते टॉर झाकतं, पण टॉर वापरताय हे नेटवर्कवाल्याला दिसू शकतं. २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवणारा विद्यार्थी असाच सापडला: त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवरून टॉर कोण वापरत होतं, एवढंच तपासलं गेलं.

निनावी काम करताना त्याच बैठकीत स्वतःचं जीमेल उघडू नका. फोटो पाठवण्याआधी टेल्समधल्या मेटाडेटा क्लीनरमधून (फाइलमधली लपलेली माहिती पुसणाऱ्या प्रोग्राममधून) काढा. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. आणि फाइल जपून ठेवायच्या असतील तर पर्सिस्टंट स्टोरेज (पेनड्राइव्हवरची कुलूपबंद जागा) आधीच चालू करा. त्याचा पासफ्रेज (लांब पासवर्ड) विसरलात तर आतलं काहीही परत मिळत नाही.