पायी शहर बघायला निघताय? आधी परतीचं बघा

मागच्या वेळी एका अनोळखी शहरात सकाळी आठला चालायला निघालो आणि रात्री साडेनऊला एका ओस बसथांब्यावर बसून होतो. बूट चांगले, पाणी भरपूर, नकाशा तोंडपाठ. फक्त परत कसं यायचं, ते ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून सोडलं होतं.

तेव्हा पहिलं काम परतीचं. फिरणं जिथे संपणार तिथून मुक्कामाला यायला काय मिळतं आणि शेवटची गाडी किती वाजता, हे खोलीतून निघण्याआधी कागदावर लिहा. फोनमध्ये नको, तो संध्याकाळी मान टाकतो. वेळापत्रक त्याच वाराचं बघा, रविवारी बऱ्याच ठिकाणी गाड्या कमी असतात आणि लवकर संपतात. मी गेलो तो रविवारच होता, आणि भाग कचेऱ्यांचा. संध्याकाळी तिथे चिटपाखरू नव्हतं, भाड्याची गाडी कुठून मिळणार?

त्याहून बरं म्हणजे वाटच उलटी करा. सकाळी ताजेतवाने असताना गाडीने लांबच्या टोकाला जा आणि चालत चालत मुक्कामाकडे या. मग पाय दुखले तरी दर पावलाला खोली जवळच येते. हे मला आधी सुचलं असतं तर!

अंतराचा हिशोब नीट करा. नुसतं चालायचं तर तासाला 4-5 किलोमीटर होतात. पण थांबत, बघत, चुकत फिरताना 2-3 धरा. शहर चढउताराचं असेल तर नकाशा फसवतो, दर 100 मीटर चढाला आणखी 10 मिनिटं धरा. सहा तासांत दोन-तीन वस्त्या होतात. सात लिहिल्या असतील तर चार आत्ताच खोडा. आणि 8 किलोमीटर दूर गेलात की परतीचेही 8 असतात, हे मी मोजलंच नव्हतं.

बूट जुनेच. मोज्यांचा जादा जोड घ्या, घामाने ओल्या कातडीवर फोड लवकर येतात. नकाशा इंटरनेटशिवाय चालेल असा उतरवून ठेवा. उंच इमारतींच्या मध्ये फोनवरचा ठिपका भलत्याच गल्लीत जातो, कारण उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात. तिथे रस्त्याच्या नावाची पाटी वाचा. मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत लिहून घ्या, शेवटच्या गाडीच्या वेळेखालीच. एकच कागद, खिशात.

स्वच्छतागृह दिसलं की जाऊन या. लोकांच्या दारा-खिडक्यांचे फोटो न विचारता काढू नका, ती त्यांची घरं आहेत. सूर्यास्ताची वेळ बघा, विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार टिकत नाही.

पाणी, टोपी, छत्री, सुटे पैसे. कळतंच.

शेवटची गाडी किती वाजता? लिहिलंत? नसेल तर आधी लिहा, मग बुटांच्या नाड्या बांधा.