हेल्मेट, लोकल आणि केस: धावपळीत निगा कशी राखाल?

विरारची लोकल पकडायची असो की बाइकवरून हिंजवडी गाठायची असो, सकाळी केसांसाठी पाच मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून निम्मं काम सलूनच्या खुर्चीतच उरकून घ्यायचं.

कट नीट सांगा. नुसतं ‘बारीक करा’ म्हणू नका, बारीक म्हणजे किती हे प्रत्येक कारागिराचं वेगळं असतं. बाजूला आणि मागे मशीनचा नंबर सांगा: दोन नंबर म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, तीन म्हणजे १० च्या आसपास. वरचे केस कात्रीने कापून घ्या. हेल्मेट काढून बोटं फिरवली की बसतील, एवढेच ठेवा. केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतात, तेव्हा असा कट चार-पाच आठवडे निभावतो. सोमवारी बहुतेक सलूनना सुट्टी. मंगळवारी केस न कापणाऱ्यांच्या कृपेने त्या संध्याकाळी मात्र नंबर लगेच लागतो.

वस्तऱ्यात नवीन ब्लेड तुमच्यासमोर घालायला लावा. मालिश करून घ्या हवं तर, पण मान मोडू देऊ नका. कटकन आवाज आला की मोकळं वाटतं खरं, पण त्या झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत.

रात्री धुवा. दिवसभराचा घाम आणि धूळ उशीवर न्यायची कशाला? शिवाय सकाळी धुतले तर ओले केस लवकर तुटतात आणि ओल्या डोक्यावर हेल्मेट चढवलं की आतून कुबट वास सुटतो. शाम्पू आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, एरवी साधं पाणी. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर फेस कमी होतो, केस राठ होतात. निदान शेवटचे दोन तांबे नळाच्या गोड्या पाण्याचे घ्या.

कोंड्यावर तेल थापू नका. आईला हे पटणार नाही. पण कोंड्यामागची बुरशी टाळूच्या तेलावरच पोसते. रात्रभर तेल ठेवलं तर तिची चंगळ. केटोकोनाझोल २ टक्के असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा लावा, तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवा आणि मग धुवा. लगेच धुतलात तर पैसे वाया. चार आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

हेल्मेटखाली सुती टोपी घाला आणि ती रोज धुवा. हेल्मेटने टक्कल पडतं ही मात्र अफवा आहे. पुरुषांचं टक्कल मुख्यतः आनुवंशिकता आणि हार्मोनमुळे पडतं. दिवसाला ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. कपाळाचे कोपरे मागे सरकायला लागले, तर जाहिरातीतल्या तेलांवर पैसे उडवण्याआधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध दिलं, तर परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात आणि बंद केलं की आलेले केस पुन्हा गळतात, हे आधीच विचारात घ्या.