लाईफ क्लासला बसण्यापूर्वी : ख्रिस्ती कला विद्यार्थ्यासाठी

पुण्यात चित्रकला शिकणाऱ्या ख्रिस्ती घरांतील मुलामुलींपुढे कधी ना कधी लाईफ क्लासचा, म्हणजे नग्न मॉडेल पाहून देह रेखाटण्याच्या वर्गाचा, दिवस येतो, जेव्हा मॉडेल पडद्याआडून बाहेर येते, गाउन बाजूला ठेवते आणि वर्गात कोळशाच्या कांड्या कागदावर फिरू लागतात. त्या क्षणी मनाची तयारी करायला वेळ उरत नाही. ती आधीच करावी लागते. ती कशी करावी, एवढेच मी येथे लिहितो आहे, आणि तेही चित्रकार म्हणून, धर्मगुरू म्हणून नव्हे.

सुरुवात पवित्र शास्त्रापासून करावी, आणि ऐकीव अर्थावर न थांबता वचने स्वतः सलग वाचावीत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण करतो. दुसऱ्याच्या शेवटी स्त्रीपुरुष नग्न असूनही त्यांना लाज वाटत नाही. तिसऱ्यात पाप घडताच ते अंजिराची पाने शिवून अंग झाकतात, आणि नंतर देव स्वतः त्यांना चामड्याची वस्त्रे करून देतो. या क्रमाचे दोन अर्थ लावले जातात. काहींच्या मते वस्त्र ही पापात पडलेल्या मनुष्यासाठी देवानेच केलेली सोय आहे, म्हणून विवाहाबाहेर कोणाची नग्नता पाहू नये. काहींच्या मते लाज पापामुळे आली, देह मात्र देवाने निर्माण केला तसाच चांगला राहिला, आणि तो आदराने पाहता येतो. मला दुसरा अर्थ पटतो. तरीही पहिला अर्थ मानणाऱ्याला मी संकुचित म्हणणार नाही, कारण वस्त्रे देणारा देवच होता हे वचनात स्पष्ट आहे.

आक्षेप घेणारे बहुधा नोहाची कथा पुढे करतात, आणि ती खरोखरच मनन करण्याजोगी आहे. द्राक्षारस पिऊन नोहा तंबूत उघडा पडला असता हामने ते पाहिले आणि बाहेर जाऊन भावांना सांगितले. शेम व याफेथ यांनी मात्र पाठमोरे चालत जाऊन बापाला झाकले. मला या कथेतला ‘बाहेर जाऊन सांगितले’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वर्गात पाहिलेल्या देहाविषयी अमृततुल्यच्या टेबलावर गप्पा मारणारा, मोबाईलमध्ये चोरून फोटो काढणारा किंवा मॉडेलच्या शरीरावर शेरा मारणारा विद्यार्थी हामच्या बाजूला उभा राहतो, मग त्याचे रेखाटन कितीही अचूक असो. वर्गातले वर्गात ठेवणे हा म्हणूनच पहिला नियम समजावा.

चर्चच्या इतिहासातही या बाबतीत एकमत नव्हते, हे माहीत असले की मनावरचे दडपण कमी होते. व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलच्या छताचे काम मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात केले आणि वेदीमागच्या भिंतीवरील ‘अंतिम न्याय’ १५४१ मध्ये पूर्ण केला. दोन्हींत नग्न देह भरपूर आहेत. १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने पवित्र चित्रांत कामुकता नसावी असे ठरवले, आणि त्यानंतर दानिएले दा वोल्तेर्रा या चित्रकाराकडून ‘अंतिम न्याया’तील अनेक आकृतींवर वस्त्रे रंगवून घेण्यात आली. त्याच चित्राची साफसफाई १९९४ मध्ये पूर्ण झाली तेव्हा पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या चॅपेलला मानवी देहाच्या ईश्वरविज्ञानाचे पवित्र स्थान म्हटले. एका बाजूला झाकणे आणि दुसऱ्या बाजूला गौरवणे, दोन्ही एकाच चर्चने केले.

आपल्याच शहरातले उदाहरण पाहायचे तर, गोव्यात जन्मलेले चित्रकार अँजेलो द फोन्सेका शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहत असत आणि त्यांनी मरियेला साडी नेसलेली भारतीय स्त्री म्हणून रंगवले. पण साडीची चूण खांद्यावरून कशी पडते आणि कमरेशी का वळते, हे आतल्या देहाची ठेवण कळल्याशिवाय कागदावर उतरत नाही. ज्याला पवित्र चित्रे काढायची आहेत त्यालाही देहाचा अभ्यास चुकत नाही, तो यामुळेच.

लाईफ क्लासच्या आधी एक सराव मी आवर्जून सुचवतो. कोणत्याही कॅथलिक चर्चमध्ये, उपासना नसताना, क्रूसावरील ख्रिस्तासमोर अर्धा तास बसावे आणि त्या देहाचा भार हातांवर कसा लोंबतो, बरगड्या कशा ताणल्या जातात, मान कोणत्या बाजूला कलते, हे पाहावे. शिपायांनी प्रभूचे कपडे वाटून घेतले असे शुभवर्तमान सांगते. कमरेचे वस्त्र ही बहुधा कलावंतांनी आदरापोटी जोडलेली गोष्ट आहे. उघडा देह आपण लहानपणापासून प्रार्थनेच्या जागी पाहत आलो आहोत, हे त्या अर्ध्या तासात ध्यानात येते.

प्रत्यक्ष वर्गात नजरेला काम द्यावे, कारण रिकामी नजरच भरकटते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू पाहण्याला नव्हे, कामेच्छेने पाहण्याला दोष देतो. पहिली काही मिनिटे केवळ झटपट रेखाटने करावीत : भार कोणत्या पायावर आहे, गळ्याच्या खोबणीतून खाली सोडलेली लंबरेषा कुठे पडते, खांद्यांचा उतार आणि कमरेचा उतार एकमेकांच्या विरुद्ध कसे जातात. मग डोक्याच्या मापाने उंची मोजावी. उभा प्रौढ देह साधारण साडेसात डोकी भरतो. त्यानंतर छायेचे आकार घ्यावेत. चेहरा टाळून केवळ धड काढण्याची सवय मात्र लागू देऊ नये, कारण चेहरा नसला की समोरची व्यक्ती वस्तू होते. इतके करूनही मन अस्वस्थ झाले तर कोळसा खाली ठेवून शांतपणे बाहेर जावे. त्यात कमीपणा नाही.

मॉडेलशी नमस्कार करून बोलावे. पोझ दुरुस्त करायची असेल तर शिक्षकांनी शब्दांत सांगावे, कोणीही हात लावू नये. साधारण वीस मिनिटांनी विश्रांती द्यावी, आणि डिसेंबरच्या सकाळी वर्गात हीटर आहे ना, हे विद्यार्थ्यांनीही विचारावे. गारठ्यात उघडे बसणाऱ्याची काळजी घेणे हीही शेजाऱ्यावरची प्रीतीच आहे.

घरी हे लपवू नये. आईवडिलांना वर्ग सुरू होण्याआधीच सांगावे, आणि पाळकांशी किंवा फादरांशी बोलताना एखादे पूर्ण झालेले रेखाटन सोबत न्यावे, म्हणजे चर्चा कल्पनेवर न होता कागदावर होते. न्यूड स्टडी मात्र बैठकीच्या खोलीत लावू नयेत. दुर्बल भावाला अडखळण होऊ नये हा पौलाचा सल्ला इथे अगदी व्यवहार्य आहे.

आणि मन साफ नकार देत असेल तर जबरदस्तीने बसू नये. संशय असताना केलेली गोष्ट विश्वासाने केलेली नसते, असे रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय सांगतो. अशा विद्यार्थ्याने शिक्षकांना लेखी विनंती करून कपड्यांतील मॉडेलवर काम मागावे, आणि देहरचनेसाठी पेठेतल्या एखाद्या तालमीत जावे. लंगोटातले पैलवान जोर काढताना पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू जितके स्पष्ट दिसतात तितके वर्गातही क्वचित दिसतात. आधी वस्तादांची परवानगी घ्यावी, चपला बाहेर काढाव्यात आणि हौद्यापासून, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या जागेपासून, दूर, भिंतीला टेकून बसावे.