नवा पीसी जोडला, पण डिस्प्लेच येत नाही? खरेदीपासून अर्थिंगपर्यंत या चुका टाळा

घरी जोडलेला पीसी पहिल्या दमात चालू झाला नाही की संशय आधी मदरबोर्डवर जातो. ‘बोर्ड डेड आलाय’ म्हणत सगळा डबा उचलून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात न्यायचा. तिथला पोरगा रॅमची पट्टी काढतो, पुन्हा दाबून बसवतो, खट्ट आवाज येतो आणि स्क्रीन उजळते. नवा पार्ट मुळातच मेलेला निघतो, नाही असं नाही, पण क्वचित. बहुतेक वेळा पार्ट एकमेकांशी जुळत नसतात, नीट बसलेले नसतात, नाहीतर घरातली वीज धड नसते. या तिसऱ्या कारणाकडे कुणाचं लक्षच जात नाही, कारण ते दुकानात विकत मिळत नाही.

खरेदी करताना

काचेचं कॅबिनेट, सात रंगांचे पंखे, दिसायला नाद खुळा; आणि आत कॅबिनेटसोबत फुकट आलेला ‘४५० वॅट’चा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एसएमपीएसवरचा मोठा आकडा वाचू नका, लेबलवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. तिथे १८ अँपिअर असेल तर १२ गुणिले १८, म्हणजे कामाची ताकद २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात.

आता गरज मोजू. एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर पूर्ण भारावर ८८ वॅटपर्यंत ओढतो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅटच्या आसपास, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५०-६० धरा. बेरीज २६५च्या आत. यासाठी चांगल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझचा (वीज किती कमी वाया जाते याचा दर्जा) ५५० वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो. ८५० वॅटवर पैसे घालवायची गरज नाही. ते एसएसडीत घाला. कुठल्या एसएमपीएसवर मागे ११५/२३० असा लाल खटका असेल, तर तो २३०वरच आहे ना हे वायर लावण्याआधी बघा. ११५वर राहिला तर धडाम.

पार्ट जुळवताना तीन ठिकाणी लोक हमखास फसतात. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या एलजीए १७०० सॉकेटचे (प्रोसेसर बसतो ती जागा) बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा रॅमच्या दोन्ही प्रकारांत मिळतात. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी बसणारच नाही. एएमडीचं सोपं आहे: एएम४ सॉकेट म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे डीडीआर५. दुसरं, नावापुढचं अक्षर. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये आणि रायझन ५ ५६००मध्ये ग्राफिक, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणारा भाग, नसतं (५६००जी मध्ये असतं). कार्ड ‘पुढच्या महिन्यात घेऊ’ म्हणून असा प्रोसेसर उचलला तर तोवर स्क्रीन काळीच. तिसरं, बायॉस, म्हणजे पीसी सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम. दुकानात बरेच दिवस पडून असलेल्या बी४५० बोर्डवर ५०००च्या मालिकेतला रायझन, किंवा बी६५०वर ९०००चा, जुन्या बायॉसमुळे ओळखलाच जात नाही. म्हणून घेतानाच विचारा, ‘बायॉस अपडेट करून देणार का?’ किंवा प्रोसेसरशिवाय पेन ड्राइव्हवरून बायॉस भरायचं फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड घ्या.

इंटेलचा १३व्या-१४व्या पिढीचा आय७ किंवा आय९ वापरलेला घेत असाल तर जरा जपून. या पिढ्यांत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर हळूहळू खराब होण्याची अडचण निघाली आणि २०२४मध्ये कंपनीने त्यावर बायॉसमधून दुरुस्ती दिली. ती पुढचं नुकसान थांबवते, झालेलं भरून काढत नाही.

इंटेलचा किंवा एएम५चा बोर्ड घेताना दुकानातच सॉकेटचं झाकण उघडून पिना उजेडात तिरक्या धरून बघा. एक पिन वाकलेली असली तरी वॉरंटी नाकारली जाते. ते काळं झाकण फेकू नका, बोर्ड वॉरंटीत पाठवताना लागतं. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. ऑनलाइन मागवलं असेल तर खोकं फोडतानाचा व्हिडिओ एका दमात, मध्ये न थांबवता काढा.

जोडताना

कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्डाखाली पितळी स्पेसर असतात. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच स्पेसर हवा. एक जास्तीचा राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो, शॉर्ट होतो, आणि पंखा अर्धा फेरा मारून थांबतो. कुणी बोर्ड बदलून आणतं, दुसराही तसाच वागतो, कारण स्पेसर तिथेच असतो.

प्रोसेसरची आठ पिनची वायर बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात लागते. ती विसरली तर पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन येत नाही. ग्राफिक कार्डाची ६+२ पिनची वायरही आठच पिनची असते, पण दोघींची अंतर्गत जोडणी उलटी आहे. साचा वेगळा असल्याने ती सहजी बसत नाही. बसत नसेल तर बळ लावू नका. २४ पिनच्या वायरला मात्र बळ लागतं. तिचा खटका अडकल्याचा आवाज यायलाच हवा.

रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पहिल्या-दुसऱ्यात घातल्या तर पीसी चालेल, पण बहुतेक बोर्डांवर दोन्ही पट्ट्या एकाच चॅनेलवर जातात आणि वेग पडतो. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक काढायचं राहून गेलं की तापमान काही सेकंदांत नव्वदीपार. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. एएम४चा कूलर पुढे कधी काढायचा झाला तर आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे फिरवत काढा. सरळ वर ओढला तर पेस्टला चिकटून प्रोसेसरच पिनांसकट बाहेर येतो.

अर्थिंग: झिणझिण्यांचं कारण

पेठांमधल्या जुन्या घरांत ही तक्रार सर्रास ऐकू येते: कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या येतात. पीसी बिघडलेला नसतो. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याला जोडलेले दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर तिथून गळणारा किंचित करंट जमिनीत जातो. नसेल तर सगळा पत्रा अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर, तरंगत राहतो. करंट अगदी कमी असल्याने माणसाला नुसता मुंगीसारखा चावा. पण तेच व्होल्टेज चालू पीसीला एचडीएमआय किंवा प्रिंटरची वायर लावताना पोर्टमध्ये उतरतं आणि पोर्ट जातो.

भिंतीवरचं सॉकेट तपासायला साधा मल्टीमीटर घ्या आणि एसी ७५० व्होल्टवर लावा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, असं दिसायला हवं. फेज-अर्थ ६०-१०० दाखवत हलत असेल तर अर्थिंग नाही. हे करायचा हात नसेल तर वायरमनला बोलवा, पण काम संपल्यावर त्याच्यासमोर सॉकेट उघडायला लावा. काहीजण न्यूट्रलचीच एक तार सॉकेटच्या आत अर्थिंगच्या पिनेला जोडून मोकळे होतात. मीटर मग छान आकडे दाखवतो. ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल, त्या दिवशी कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट येतील.

उद्यमनगरात ऑफिस असेल तर आणखी एक गोष्ट. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं की दिवा डोळा मिचकावतो, आणि पीसी रिस्टार्ट होतो. एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर साधारण १५-१७ मिलिसेकंद भार पेलतो. ५० हर्ट्झच्या विजेचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा. म्हणजे एक फेराही पूर्ण निभत नाही. इथे रॅम बदलून काही होणार नाही, यूपीएस हवा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे सहसा ३६० वॅट, त्यात मॉनिटरही मोजा आणि लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका. लेथ आणि ग्राइंडरचा लोखंडी बुरा वीजवाहक असतो, त्यामुळे तिथे कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका आणि पुढच्या जाळीला फिल्टर बसवा.

चालू होत नसेल तर

अंदाजाने पार्ट बदलत बसू नका, कमी करत या. बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी दुसऱ्या खाचेत, आणि एसएमपीएसच्या २४ व ८ पिनच्या वायरी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक नसेल तरच कार्ड लावा. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. इथे चालू झाला तर दोष कॅबिनेटमध्ये: स्पेसर किंवा समोरचं बटण.

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, तेव्हा बोर्डच्या कडेचे चार छोटे दिवे बघा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक), बूट (विंडोज असलेली डिस्क). जो लागून राहतो तिथे शोध सुरू. डीरॅमचा असेल तर पट्टी बदलून बघा, सोनेरी कडा पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या घासा. व्हीजीएचा असेल तर एचडीएमआय वायर बोर्डऐवजी कार्डात लावली आहे ना ते बघा. ही चूक जाणकारही करतात. एएम५वर पहिल्यांदा चालू करताना रॅम जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात, स्क्रीन काळी असते. दहा मिनिटं बंद करू नका.

बायॉसमध्ये काही बदलल्यावर अडकला तर वायर काढून सीआर२०३२चा सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा.

विंडोज टाकताना इंटेलच्या ११व्या आणि पुढच्या पिढीत एसएसडीच दिसत नसेल तर ती मेली असं समजू नका. बायॉसमध्ये व्हीएमडी (इंटेलची एसएसडी हाताळणारी सोय) बंद करा किंवा त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवरून द्या. गेम खेळतानाच रिस्टार्ट होतो आणि तापमान ठीक आहे, तर एसएमपीएस पहिला आरोपी. तो उघडायचा मात्र नाही, आतला कपॅसिटर वायर काढल्यावरही भरलेला राहू शकतो.

जुलै-ऑगस्टच्या झडीत पीसी आठवडाभर बंद राहिला, तर तो चालू करण्याआधी मागची रिकामी स्लॉटची पट्टी निघालेली नाही ना, आणि तिथून पाल आत गेली नाही ना, एवढं टॉर्च लावून बघा.