डोक्याला मार लागलेल्या माणसाची शुद्ध कशी तपासावी

अपघातस्थळी जमलेले लोक 'शुद्धीवर आहे' किंवा 'बेशुद्ध आहे' एवढेच सांगतात. डॉक्टरांना मात्र या दोहोंमधल्या पायऱ्या हव्या असतात. त्या मोजण्यासाठी ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेली 'ग्लासगो कोमा स्केल' आजही वापरली जाते.

आधी श्वास चालू असल्याची खात्री करावी, मान हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकाला फोन करावा.

मग हात न लावता डोळ्यांकडे पाहावे. ते आपणहून उघडे असतील तर ४ गुण, हाक मारल्यावर उघडले तर ३, नखावर दाब दिल्यावर उघडले तर २ आणि मुळीच न उघडल्यास १. दाब देण्याचे काम मात्र डॉक्टर-परिचारिकांवरच सोडावे. पापण्या सुजून मिटल्या असतील तर १ गुण न देता 'तपासता आले नाही' असे लिहितात.

बोलण्याला ५ पैकी गुण असतात. 'बरे वाटते का?' असे विचारू नये, कारण नुसते 'हो' म्हणून वेळ मारून नेता येते. नाव, ठिकाण आणि चालू महिना विचारावा, तोही रुग्णाच्या भाषेत. मराठी न समजणारा मजूर गोंधळलेला ठरू नये.

हालचालीला ६ पैकी गुण असतात. 'माझा हात दाबा' म्हटल्यावर 'आता सोडा' हेही म्हणावे, कारण तळहाताला स्पर्श झाल्यावर मूठ नकळतही आवळली जाते. दोन्ही बाजूंचे हातपाय सारख्याच जोराने हलतात का, तेही पाहावे.

बेरीज ३ ते १५ च्या दरम्यान येते; ८ किंवा त्याहून कमी म्हणजे दुखापत गंभीर. तरीही तिन्ही आकडे सुटे लिहावेत, कारण नुसत्या बेरजेवरून काय बिघडले ते कळत नाही. त्यानंतर टॉर्चने बाहुल्या पाहाव्यात. शुद्ध हरपत असताना एक बाहुली मोठी होऊन उजेडाने आकसत नसेल, तर क्षणही दवडू नये.

एकदा तपासून भागत नाही. कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये रक्तस्राव होत असेल, तर रुग्ण काही तास नीट बोलतो आणि मग पेंगू लागतो. म्हणून रुग्णालयात सुरुवातीला दर अर्ध्या तासाने नोंद घेतात. तोंडाला दारूचा वास आला म्हणून 'उतरेल' असे समजून झोपू देणे ही तर नेहमीची घोडचूक आहे. वारंवार उलटी, झटका, वाढती डोकेदुखी किंवा नाका-कानातून पाणी येणे, यांपैकी काहीही दिसले किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर गुण पूर्ण १५ असले तरी त्याला रुग्णालयात न्यावे आणि प्रत्येक बदलाची वेळ सोबत लिहून द्यावी.