आडूची (पीचची) तोडणी आणि साठवण: कच्चं फळ फ्रीजमध्ये नको

कमी थंडीवर येणाऱ्या शान-ए-पंजाब, फ्लोरिडा प्रिन्स अशा जातींचे आडू ज्यांनी इंदूरच्या आसपास मळ्यात किंवा परसात लावले आहेत, त्यांची तोडणी आता तोंडावर आली आहे. हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरातला माल मंडीत जोरात यायच्या आधी आपलं फळ तयार होतं, ही जमेची बाजू. पण हे फळ फार नाजूक. झाडावर उत्तम असलेला माल चार दिवसांत मातीमोल होताना पाहिला की जीव हळहळतो.

तोडताना लालीला भुलू नका. ऊन लागलेली बाजू फळ कच्चं असतानाच लाल होते. देठाजवळची, सावलीतली बाजू बघा. तिथला हिरवेपणा जाऊन पिवळा रंग धरला की फळ तोडायला आलं. पांढऱ्या गराच्या जातीत तोच रंग सायीसारखा दिसतो. इंदूरच्या चोइथराम मंडीत पाठवायचं असेल तर रंग बदलताच, फळ टणक असताना काढा. घरी खायचं असेल तर आणखी दोन-तीन दिवस झाडावर राहू द्या. हिरवं तोडलेलं फळ घरात मऊ पडतं, पण गोड होत नाही, कारण झाडावरून उतरल्यावर त्यात साखर भरत नाही.

तोडणी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. फळ तळहातात धरून हलकं पिरगाळा. बोटांनी दाबलंत तर लगेच काही दिसत नाही, दुसऱ्या दिवशी तिथेच तपकिरी डाग उमटतो. क्रेटमध्ये खाली कागद घालून दोनच थर लावा आणि माल लगेच सावलीत हलवा.

साठवणीत सर्वांत जास्त नुकसान होतं ते घरच्या फ्रीजमुळे. अर्धकच्चा आडू २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये काही दिवस राहिला की त्याची पिकण्याची क्रिया बिघडते. वरून फळ छान दिसतं, कापलं की गर कोरडा, भुसभुशीत आणि कोयीभोवती तपकिरी. आपला फ्रीज बहुधा नेमका याच तापमानावर चालतो. म्हणून फळ आधी बाहेर पिकवा. मे महिन्याच्या उकाड्यात घरातला सर्वांत गार कोपरा निवडा, फळं एका थरात मांडा. घाई असेल तर कागदी पिशवीत एक केळं सोबत ठेवा. वास सुटला आणि देठाजवळ हलकं दाबल्यावर फळ लवलं की मगच फ्रीजमध्ये, तेही तीन-चार दिवसांपुरतं. धुवायचं ते खायच्या वेळी. शीतगृहात ठेवायचं असेल तर शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मागा. इतर भाज्यांसोबत ५ अंशांवर ठेवणार असतील तर सरळ नाही म्हणा.

१०० ग्रॅम आडूत सुमारे ४० कॅलरी, दीड ग्रॅम तंतू, १९० मिलीग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि थोडं क जीवनसत्त्व असतं. बाकी बहुतेक पाणीच. सालीतही तंतू असतात, तेव्हा लव चोळून धुऊन सालीसकट खाल्लेलं बरं. कोय फोडून आतला गर मात्र मुलांना खाऊ देऊ नका, त्यातून पोटात सायनाइड तयार होतं.

डागी फळं टाकू नका. नासका भाग काढून उरलेल्याचा साखरांबा करा. फळं उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट सोडून लगेच गार पाण्यात टाकली की साल हाताने सुटते. एक किलो फोडींना पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस घ्या. आडूत पेक्टिन कमी, त्यामुळे लिंबाशिवाय पाक नीट धरत नाही, शिवाय फोडी काळ्या पडतात. लिंबू लावलेल्या फोडी उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये सहा-आठ महिने सहज टिकतात.

अळी दिसलेली फळं मात्र वेगळी काढा. फळमाशी सालीखाली अंडी घालते, आणि आडूवर वाढलेली पिढी पुढे पेरूवर उतरते. झाडाखाली पडलेली फळं रोज वेचून दोन फूट खोल गाडा आणि मिथाइल युजेनॉलचे (नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे तोडणी संपल्यावरही काढू नका.

तोडणी आटोपली की मृग लागायच्या आत झाडाच्या बुंध्याभोवती भर घाला, पाण्याला चर काढून द्या. माळव्याच्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, आणि मुळाशी पाणी तुंबलं की आडूचं झाड पावसाळ्यातच मान टाकतं.