नागपूरच्या आसपास रानभाजी ओळखताना आणि खुडताना

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले, की नागपुरातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक रस्त्यांच्या कडेला आठ-दहा दिवसांत तरोट्याची हिरवी साय धरते. काटोल, कळमेश्वर, हिंगणा, उमरेड, कोणत्याही दिशेला जावे, पडीक जमीन आणि धुरे, म्हणजे शेताचे बांध, तरोट्याने भरलेले दिसतात. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात यालाच टाकळा म्हणतात. रानभाजी शिकू इच्छिणाऱ्याने सुरुवात तरोट्यापासूनच करावी आणि एका पावसाळ्यात तीन-चारपेक्षा अधिक वनस्पतींच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाइलवरच्या छायाचित्राशी पान ताडून पाहिले म्हणजे वनस्पती ओळखली असे होत नाही. तिचे दोन पानांचे रोप, तिची कोवळी डहाळी, फूल, शेंग आणि दसऱ्यानंतरचे वाळके खुंट, हे सारे ज्याने एकाच जागी पाहिले आहे, त्यालाच ती खऱ्या अर्थाने ओळखता येते.

तरोट्याचे एक पान खुडून तळहातावर ठेवावे. एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे लहान पानांच्या, तीन जोड्या असतात, टोकाकडची जोडी सर्वांत मोठी असते आणि प्रत्येक पर्णिकेचे टोक गोलसर असते. देठाकडच्या जोडीच्या मध्ये, नीट पाहिले तर, काडीच्या अग्राएवढी एक बारीक ग्रंथी उभी दिसते. पान चुरगळल्यावर उग्र वास येतो. दिवस मावळला की समोरासमोरच्या पर्णिका एकमेकींना चिकटून मिटतात. संध्याकाळी फिरायला गेल्यावर ही खूण आवर्जून पाहावी. याच्याच शेजारी पुष्कळदा कासविंदा उगवलेला असतो. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या चार ते सहा असतात, टोके निमुळती असतात आणि ग्रंथी पर्णिकांच्या मध्ये नसून देठाच्या अगदी बुडाशी असते. हा फरक किरकोळ समजू नये. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांमध्ये वारंवार आढळणाऱ्या, यकृत आणि मेंदूला बाधा करणाऱ्या एका प्राणघातक आजाराचे कारण कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाण्यात सापडले होते. म्हणून जोड्या मोजण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी आणि मुले बरोबर असतील तर त्यांनाही ती लावावी.

तरोटा वीतभर उंचीचा होईपर्यंतच खुडावा. शेंड्याची दोन-तीन पाने नखाने सहज तुटली पाहिजेत. ओढावी लागली तर ती जून झाली आहेत असे समजावे. रोप उपटू नये, कारण शेंडा खुडल्यावर बगलेतून नवे फुटवे येतात आणि त्याच जागी पुन्हा भाजी मिळते. पोळ्याच्या सुमारास पिवळी फुले दिसू लागली, की पानांना कडवटपणा येतो आणि तरोट्याचा हंगाम संपतो.

काय खुडावे याइतकाच कुठून खुडावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि नागपुरात तर तो अधिक महत्त्वाचा आहे. नाग नदीच्या काठावर हिरवळ कितीही दाट दिसली, तरी तिथले एक पानही घेऊ नये, कारण त्या पात्रातून शहराचे सांडपाणी वाहते. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांची राख जिथे बसते, तो परिसरही टाळावा. रेल्वेच्या रुळांलगत तणनाशक फवारलेले असू शकते. सोयाबीन आणि कपाशीच्या बांधांवर फवारा उडून येतो, म्हणून शेतमालकाला विचारल्याशिवाय तिथे हात लावू नये. विचारले असता बहुतेक शेतकरी कोणत्या बाजूला फवारणी झालेली नाही, हे आपण होऊन दाखवतात. मोठ्या रस्त्यापासून निदान हाकेच्या अंतरावर, वरच्या उताराला असलेली पडीक जमीन सर्वांत चांगली.

चिवळ आणि घोळ या दोन भाज्या जमिनीलगत पसरतात. दोन्हींचे देठ रसाळ असतात. घोळीची पाने मोठी व गुळगुळीत, तर चिवळीची अगदी बारीक असून तिच्या पेरांवर पांढरट लव असते. यांच्यातच नायटी, म्हणजे लहान दुधी हे तण, बेमालूम मिसळून वाढते, आणि ती भाजीत जाता कामा नये. पारख सोपी आहे. देठ मोडून पाच-सहा क्षण थांबावे. चिवळीच्या तुटलेल्या टोकावर नितळ पाण्याचा थेंब जमतो, नायटीच्या टोकावर दुधासारखा पांढरा चीक येतो. मात्र दूध निघाले की वनस्पती विषारी, असा सरसकट नियम करू नये, कारण पाथरीलाही दूध असते आणि ती उत्तम खाद्य भाजी आहे. ही पारख केवळ या जोडीपुरती आहे. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, त्यांनी चिवळ, घोळ आणि धोप्याची, म्हणजे अळूची, पाने बेतानेच खावीत, कारण या भाज्यांत ऑक्झलेटचे प्रमाण बरेच असते.

माठ किंवा कुरडू खुडताना त्यात धोतऱ्याचे कोवळे रोप येणार नाही, याकडे लक्ष द्यावे. फुले येण्यापूर्वी ते साध्या पालेभाजीसारखे दिसते. म्हणून मुठीने ओरबाडून पिशवीत कोंबणे ही पद्धतच चुकीची आहे. एकेक शेंडा पाहून खुडावा आणि घरी सुपात पसरून पुन्हा एकदा निवडावा.

काटवल, म्हणजे कर्टोली, ही फळभाजी श्रावणात मिळते. तिचे नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात. फळ मादी वेलालाच धरते, पण नर वेलाचे परागकण मिळाल्याशिवाय ते धरत नाही. फळ न लागणारा वेल निरुपयोगी समजून तोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि पुढच्या वर्षी त्याच झुडपावर एकही काटवल न दिसल्याचेही पाहिले आहे. जमिनीतला कंद दरवर्षी पावसात पुन्हा फुटतो, म्हणून तो कधीही उकरू नये. फळ हिरवे आणि काटे मऊ असतानाच घ्यावे, आणि दोन-चार फळे पिकण्यासाठी वेलावर सोडावीत.

सात्या आणि टेकोडे या रानातल्या अळंब्यांविषयी मी हात राखूनच लिहितो. वारुळावर उगवणाऱ्या सात्यांची चव ज्याने घेतली आहे, त्याला त्यांची ओढ का वाटते हे मला ठाऊक आहे. हळुवार उपटल्यास त्यांच्या देठाचे मुळासारखे लांब शेपूट वारुळाच्या आतून निघते, ही त्यांची मोठी खूण आहे. परंतु केवळ वाचून ही भाजी कोणीही गोळा करू नये. घराच्या हिरवळीवर पावसाळ्यात उगवणाऱ्या पांढऱ्या छत्र्यांत अशी एक विषारी जात आहे, जिच्या छत्रीखालच्या पडद्या आधी पांढऱ्या असतात आणि नंतर हिरवट होतात. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तर विषारी, या समजुतीला कोणताही आधार नाही, आणि शिजवल्याने विष जाते हेही सर्व जातींबाबत खरे नाही. सात्या हव्याच असतील, तर त्या वर्षानुवर्षे विकत आलेल्या माणसाकडूनच घ्याव्यात.

याच कारणासाठी पहिला पावसाळा बाजारात घालवणे मला शहाणपणाचे वाटते. गोकुळपेठेच्या किंवा बुधवार बाजारात खेड्यांतून आलेल्या बाया गोणपाटावर वाटे मांडून बसतात. त्यांच्याकडून तरोट्याची जुडी घ्यावी आणि "मावशी, यातली जून पाने कोणती?" असे विचारावे. त्या दोन डहाळ्या हातात घेऊन जो फरक दाखवतात, तो बोटांच्या लक्षात राहतो. भावात घासाघीस करू नये. पहाटेची मेहनत आणि पिढ्यांची ओळख त्या वाट्यात असते.

जंगलात शिरण्यापूर्वी कायदाही माहीत असावा. पेंच, बोर किंवा उमरेड-कऱ्हांडला यांसारख्या संरक्षित क्षेत्रांतून परवानगीशिवाय वनस्पती काढणे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. इतर वनजमिनीवरील गौण वनोपजाचा हक्क 2006 च्या वन हक्क कायद्याने तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या समाजांना दिलेला आहे. शहरातून मोटारीने जाऊन त्यांच्या वाट्याचे वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, किंवा मोहफुले भरून आणणे हे मला गैर वाटते.

घरी आणलेला तरोटा मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून तीनदा धुवावा. नंतर गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी उकळून त्यात पाने पाच मिनिटे सोडावीत, पाणी फेकून द्यावे आणि पाने मुठीत घट्ट पिळावीत. जवसाच्या तेलात ठेचलेला लसूण, कांदा आणि हिरवी मिरची परतून, तासभर भिजवलेली चणाडाळ आणि पिळलेली पाने घालावीत व मंद आचेवर डाळ मऊ होईपर्यंत ठेवावी. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी फार चांगली लागते. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न न खाण्याची आपली रीत आहे, आणि त्या दिवशीच्या ताटाला आपोआप उगवलेल्या या भाज्याच आधार देतात.

कोणतीही नवी भाजी पहिल्यांदा शिजवताना ती एकटीच शिजवावी, दोन रानभाज्या एकत्र करू नयेत. घरातल्या एकाच निरोगी मोठ्या माणसाने दोन घास खावेत आणि बाकीच्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे. ही रीत ओळख पक्की झालेल्या भाजीसाठी आहे. शंका असलेल्या वनस्पतीची चाचणी अशी घेऊ नये. त्या दिवशी खुडलेल्यातली एक अख्खी डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवावी. उलट्या, तोंडाला कोरड, बाहुल्या मोठ्या होणे किंवा बरळणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय न करता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती डहाळी रुग्णालयात डॉक्टरांच्या हाती द्यावी.